'जिप्सी मॉथ'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : झाडांची पाने खाणाऱ्या एका पतंग-किड्याचे 'जिप्सी मॉथ' हे इंग्रजी नाव आता वापरत नाहीत. मग मराठीत 'बंजारा पतंग' किंवा 'भटका पतंग' चालेल का?

उत्तर : दोन्ही नकोत. 'जिप्सी' हा शब्द रोमा लोकांना हिणवण्यासाठी वापरला जातो, म्हणून तर अमेरिकेच्या एंटमॉलॉजिकल सोसायटीने (कीटकशास्त्रज्ञांच्या संघटनेने) २०२१ मध्ये हे नाव कीटकांच्या प्रचलित नावांच्या आपल्या यादीतून काढले. त्याजागी 'बंजारा' आणले, तर झाडे ओरबाडणाऱ्या किडीला आपणच दुसऱ्या समाजाचे नाव चिकटवू. 'भटका'लाही तोच वास येतो. शिवाय ते वस्तुस्थितीला धरून नाही. या पतंगाच्या युरोपीय वाणातल्या मादीला पंख असूनही उडता येत नाही. प्रसार होतो तो धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर जाणाऱ्या लहान अळ्यांमुळे, आणि लाकडाला किंवा वाहनांना चिकटून गेलेल्या अंड्यांमुळे.

नव्या नावाचा आधार ही अंडीच आहेत. मादी शेकडो अंडी एका जागी घालते आणि आपल्या पोटावरच्या फिकट तपकिरी केसांनी झाकते. तो अंडीपुंज खोडावर चिकटलेल्या स्पंजाच्या तुकड्यासारखा दिसतो. यावरून फ्रेंचमध्ये आधीच नाव होते. ते पाहून २०२२ मध्ये इंग्रजीत 'स्पाँजी मॉथ' ठरले. ही निवड मला फार पटते, कारण अंडी हिवाळाभर तिथेच असतात आणि खोडावर काय शोधून खरवडायचे ते नावातच कळते.

मराठीत 'स्पंजी पतंग' म्हटले, तर पतंगच मऊ असावा असे वाटते. मी 'स्पंजअंडी पतंग' सुचवीन. लेखात पहिल्यांदा 'स्पंजअंडी पतंग (लिमँट्रिया डिस्पार, जुने नाव जिप्सी मॉथ)' असे लिहावे, पुढे फक्त नवे नाव. जुने नाव पार गाळले, तर आधीच्या नोंदी शोधणाऱ्याची पंचाईत होते. जुन्या लेखांची शीर्षके मात्र आहेत तशीच द्यावीत.

शास्त्रीय नावे आपण बदलायची नाहीत, त्यांचे नियम वेगळे आहेत. १९३७ मध्ये गुहेतल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला दिलेले 'अनॉफ्थॅल्मस हिटलेरी' हे नाव, कितीही खटकले तरी, अजून कायम आहे.

हाच विचार 'खुनी गांधीलमाशी'लाही (इंग्रजीत 'मर्डर हॉर्नेट', शास्त्रीय नाव व्हेस्पा मँडरिनिया) लावावा. त्या नावाच्या धास्तीने लोक निरुपद्रवी गांधीलमाश्याही मारतात. 'आशियाई' म्हणूनही ओळख पटत नाही, कारण या गटातल्या जवळपास सगळ्याच जाती आशियात सापडतात. तिला २०२२ मध्ये इंग्रजीत मिळालेल्या 'नॉर्दर्न जायंट हॉर्नेट' या नावावरून 'उत्तरी महागांधीलमाशी' म्हणावे.