आधी कागद, मग कॅमेरा

या अंकात स्वतंत्र सिनेमा आणि मालिकांच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकांचे चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: लघुपटाची 18 पानांची संहिता तयार आहे. नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची शेळी ही मुख्य पात्रं. हातात दोन लाख रुपये आहेत. कॅमेरामन आणि संकलक मित्रच आहेत, ते मानधन घेणार नाहीत. गावातच चार दिवसांत शूटिंग उरकायचं आहे. पैसे कुठे, किती घालावेत? – एक वाचक, बार्शी

चार दिवस पुरणार नाहीत, पाच धरा. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दिवसाला साडेचार पानं एरवी जमतात, पण तुमचा नायक नऊ वर्षांचा आहे. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. अर्जासोबत पालकांची संमती आणि मुलाची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. मुलाला जे मानधन द्याल त्यातले किमान 20 टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. लहान फिल्मला कोण विचारतंय, असं म्हणून हे टाळू नका. हा नियम मुलासाठी आहे आणि तो चांगला आहे.

शेळीचंही तसंच. जनावराकडून कॅमेऱ्यासमोर काम करून घ्यायचं तर भारतीय पशु कल्याण मंडळाकडे शूटिंगच्या आधी अर्ज जातो. प्रसंगात शेळी नेमकं काय करणार ते लिहायचं, पशुवैद्यकाचा दाखला जोडायचा. फिल्म पुढे सेन्सॉरकडे न्यायची झाली की मंडळाचं ना-हरकत पत्र मागतातच, आणि मागच्या तारखेने ते मिळवायला गेलं की मोठी अडचण होते.

आता पैसे. 14 माणसं, पाच दिवस, माणशी रोज 300 रुपये असं जेवण-चहाचं धरा, म्हणजे 21 हजार. प्रवास आणि मुक्कामाला 25. कॅमेरा, लेन्स, लाइट यांच्या भाड्याला 45. आवाजालाही तेवढेच 45, त्यातले 25 रेकॉर्डिंगला आणि 20 मिक्सिंगला. कपडे, सामान, मुलाचं मानधन, शेळीच्या मालकाचे पैसे आणि परवानग्या मिळून 25. रंगसंस्कार (चित्राचे रंग-उजेड एकसारखे करणं) आणि सबटायटल्सना 14. उरलेले 25 हजार पाऊस, आजारपण आणि बिघाड यांसाठी बाजूला ठेवा आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना हात लावू नका.

कॅमेऱ्याइतकेच पैसे आवाजाला सांगतोय ते विचारपूर्वक. चित्र थोडं दाणेदार आलं तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद कळला नाही तर उठून जातो. लोकेशन बघायला जाल तेव्हा दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहा. गिरणी कधी चालते, पाण्याची मोटर कुणाची, देवळातला भोंगा किती वाजता, हे वहीत टिपा आणि शूटिंगचा दिवस त्याप्रमाणे लावा. घरातला प्रसंग असेल तर पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आतच ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू करायला विसरणार नाही आणि घरमालकाचं दूध नासणार नाही. बूम माइक, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, तोंडापासून हातभर अंतराच्या आत हवा. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर करा. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात दोन संवादांमधली भोकं त्या शांततेनेच बुजतात. नवख्या युनिटमध्ये हे मिनिट नेहमी राहून जातं, कारण तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते. कॉलशीटवरच, म्हणजे दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकातच, लिहून टाका.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 24 फ्रेमवर शूट करताना कॅमेऱ्याचं शटर 172.8 अंशांवर ठेवा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग होतो आणि ट्यूबलाइट लुकलुकत नाही. स्वस्त एलईडी बल्ब तरीही त्रास देतात, ते आदल्या दिवशी तपासून बदला. आणि ड्रोनवाला मित्र 30 फ्रेमवर शूट करून देत असेल तर त्याला 24 वर यायला सांगा, नाहीतर ती दृश्यं धक्के खातात.

प्रश्न: एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहायची संधी आली आहे. करार इंग्रजीत, 11 पानांचा आहे. काय बघावं? शिवाय माझी एक कथाकल्पना मी त्यांना सांगून बसले आहे. ती चोरीला जाईल का? – एक वाचक, नाशिक

सगळ्यात आधी पैसे कधी मिळणार ते वाचा. ‘एपिसोड मंजूर झाल्यावर’ आणि ‘एपिसोड प्रसारित झाल्यावर’ यांत फार अंतर आहे. लिहिलेला एपिसोड कथानक वळवल्यामुळे कधी कधी प्रसारितच होत नाही, आणि मग तुमचे आठ दिवस फुकट जातात. मंजुरीवर पैसे ठरवून घ्या. त्यानंतरही ते हातात पडायला तीन महिने लागणं या धंद्यात नवीन नाही, तेव्हा घरखर्चाची तेवढी सोय करूनच होकार द्या. मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जाईल. विवरणपत्र भरताना तो मिळवून घ्या.

दुसरं, किती वेळा पुन्हा लिहायचं ते आकड्यात ठरवा. दोन फेऱ्या मानधनात, तिसरीला वेगळे पैसे, असं म्हणायला संकोचू नका. तिसरं म्हणजे श्रेय. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेयं असतात. तुम्ही संवादासोबत प्रसंगही रचणार असाल तर पटकथेतही नाव मागा. हे तोंडी ठरवून उपयोग नाही.

हक्कांचं कलम हळू वाचा. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द घातलेले असतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून सोडून देता येत नाही. तसं वाक्य दिसलं तर काढायला सांगा.

कथाकल्पनेबद्दल सरळ सांगायचं तर नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती ज्या शब्दांत आणि रचनेत मांडली त्यावर असतो. 1978 साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. म्हणून आज रात्रीच ती कल्पना पात्रं, वळणं आणि शेवट यांसह आठ-दहा पानांत लिहा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन तिची ऑनलाइन नोंदणी करा. मग ‘परवाच्या बैठकीत सांगितलेली कथा सोबत जोडते आहे’ अशी सभ्य ईमेल त्यांना पाठवा. नोंदणीने तारखेचा पुरावा मिळतो, ईमेलने कथा त्यांच्यापर्यंत पोचल्याचा.

प्रश्न: आमच्या 95 मिनिटांच्या मराठी चित्रपटाचं शूटिंग झालं, कच्चं संकलनही झालं. पैसे संपले. काही जण म्हणतात, यूट्यूबवर टाकून मोकळे व्हा. – मित्रांचा गट, कोल्हापूर

टाकू नका. बरेच मोठे महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा मान स्वतःकडे मागतात, आणि एकदा सार्वजनिक झालेली फिल्म तिथे बाद होते. तुमच्यासाठी योग्य जागा गोव्याची आहे. तिथल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, 2007 पासून फिल्म बझार (आताचं नाव ‘वेव्ह्ज फिल्म बझार’) भरवतं. त्यातल्या ‘वर्क इन प्रोग्रेस’ विभागात अशीच अर्धवट फिल्म घेतात आणि बाहेरचे जाणकार संकलक, महोत्सवांचे निवडकर्ते ती बघून सूचना देतात. बाजार नोव्हेंबरात भरतो, अर्ज त्याच्या काही महिने आधी. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपटही व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजसारख्या कार्यशाळांतून घडत गेला होता. अशा ठिकाणी सहा महिने थांबणं वाया जात नाही.

तुमच्या पत्रात हळदीच्या प्रसंगात जुनं सिनेगीत वाजत असल्याचा उल्लेख आहे. ते आत्ताच काढा. त्यासाठी दोन परवानग्या लागतात, गाण्याच्या शब्द-चालीची वेगळी आणि त्या ध्वनिमुद्रणाची वेगळी. मागे पुसट वाजत असलं तरीही. गावातल्या बायकांकडून पारंपरिक हळदीची गाणी नव्याने रेकॉर्ड करून घ्या, गायिकांची लेखी संमती घ्या आणि त्यांना पैसे द्या.

सगळं झालं की डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, काढाल. तो थिएटर भाड्याने घेऊन पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघा, कारण लॅपटॉपवर ऐकू न आलेली घरघर तिथेच कळते. महोत्सवांना कुलूप नसलेली, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय चालणारी, प्रत द्या. कुलूपवाल्या प्रतीच्या किल्लीवर तारीख-वेळ असते आणि ती एका तासाने चुकली तरी खेळ रद्द होतो.

प्रश्न: बी.ए. झालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची तयारी करू की मुंबईत सहायक म्हणून लागू? – एक वाचक, लातूर

दोन्ही रस्ते चालू आहेत. इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपटाचे बहुतेक अभ्यासक्रम तीन वर्षांचे आणि टेलिव्हिजनचे एक वर्षाचे आहेत. घरी तीन वर्षं थांबण्याची परिस्थिती नसेल तर एक वर्षाचा बघा, त्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. सहायक व्हायचं तर सुरुवात क्लॅप (शॉटआधी वाजवायची पाटी) आणि कंटिन्युइटी (कपडे, वस्तू शॉटगणिक बदलत नाहीत ना हे बघणं) यांपासून होईल. त्याआधी घरीच एक सराव करा. कुठल्याही मालिकेचा एक एपिसोड लावा आणि प्रत्येक प्रसंगासाठी जागा, दिवस की रात्र, पात्रं, कपडे आणि हातातल्या वस्तू असा तक्ता भरा. एपिसोड 20-22 मिनिटांचा असतो, पहिला तक्ता भरायला चार तास जातील. दहावा तासाभरात व्हायला लागला की तो कागद सोबत घेऊन काम मागायला जा.