वाचकांचे प्रश्न : रस्ता खणायच्या आधी लेव्हल विचारा

प्रश्न : आमच्या गल्लीचा डांबरी रस्ता सिमेंटचा होणार म्हणून सोसायटीच्या आवारात मीटिंग झाली, दुय्यम अभियंता आले होते, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस पण होता. दुकानदार म्हणाले फुटपाथ बारीक करा, ज्येष्ठ मंडळी म्हणाली रुंद करा, तासभर नुसती बाचाबाची, शेवटी साहेब म्हणाले, "आधी तुमचं ठरवा, नाहीतर निधी दुसऱ्या रस्त्याला जाईल." आता आम्ही काय करायचं?
– एक वाचक, विलेपार्ले पूर्व

उत्तर : निधी दुसरीकडे जाईल ही धमकी मुंबईत बहुतेक मीटिंगमध्ये ऐकू येते, मनावर घेऊ नका. पण राग मानू नका, तासभर भांडलात ते भलत्याच गोष्टीवरून. फुटपाथचं नंतरही बघता येतं, रस्त्याची लेव्हल म्हणजे उंची एकदा चढली की चढली, ते सिमेंट आहे, डांबरासारखं खरवडून खाली आणता येत नाही. जुन्या बिल्डिंगांची अवस्था बघताच ना, डांबरावर डांबर चढत गेलं आणि आता गेटमधून आत जाताना दोन पायऱ्या उतरावं लागतं, मग जुलैत पाणी तळमजल्याच्या स्वयंपाकघरात नाही जाणार तर कुठे जाणार.

तर पहिली मागणी एकच, ड्रॉइंग दाखवा, आणि त्यातला क्रॉस सेक्शन, म्हणजे रस्ता आडवा कापला तर कुठला थर किती जाड ते दाखवणारं चित्र. खाली खडी, त्यावर डीएलसी म्हणजे कमी सिमेंटचा कोरडा थर, त्यावर पीक्यूसी म्हणजे गाड्या ज्यावरून जातात तो जाड थर. हे सगळं बसवायला किती खोल खणणार? थरांची जाडी जास्त आणि खणणं कमी असेल तर रस्ता तेवढा वर येणारच, याला इंजिनियर लागत नाही. अभियंत्यांना समोर उभं करून गेटच्या खांबावर ऑइलपेंटने रेघ मारून घ्या, तयार रस्ता या रेघेच्या वर येणार नाही, फोटो काढा, इतिवृत्तात लिहून सही घ्या. तोंडी आश्वासनावर माझा काडीचा विश्वास नाही.

दुसरं, चिठ्ठी कोणाला लिहिता ते बघा. वॉर्ड ऑफिस म्हणतं हे रस्ते विभागाचं काम, रस्ते विभाग म्हणतो गटार पर्जन्य जलवाहिन्या खात्याचं, पाण्याची लाइन जल खात्याची, गॅस आणि वीजवाले तर वेगळेच. सगळ्यांना एका दिवशी गल्लीत बोलवा अशी मागणी करा, नाहीतर नवा कोरा रस्ता होतो आणि दोन महिन्यांत कोणीतरी केबलसाठी चर मारायला येतो.

आणि मे महिन्यात खणायला आले तर सरळ ऑक्टोबरनंतर या म्हणा. ३१ मेपर्यंत रस्ते वाहतुकीला सुरक्षित करायचे हा पालिकेचाच नेम आहे, अर्धवट खणलेली गल्ली पावसात म्हणजे काय ते दुचाकीवाल्यांना विचारा.

फुटपाथचं म्हणाल तर मी म्हाताऱ्यांच्या बाजूने. रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, इंडियन रोड्स काँग्रेस, तिच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा धरलीय, म्हणजे दोन माणसं आरामात एकमेकांना ओलांडतील एवढी. दुकानदारांना माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ मिळवून द्या, बरेचसे गप्प होतील. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतात, दुकानदारांच्या स्वतःच्याच असतात हे आपल्याला सगळ्यांना माहितीय.

प्रश्न : काम चांगलं होतंय की नाही हे आमच्यासारख्यांना कसं कळणार?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : काँक्रीट टाकल्यावर पाणी मारतायत का ते रोज बघा. ओलं गोणपाट किंवा मातीचे बांध घालून साचवलेलं पाणी दिसलं पाहिजे, भर उन्हात कोरडा पांढरा पडलेला रस्ता म्हणजे पुढे भेगा. मिक्सरची गाडी आली की नमुन्याचे ठोकळे भरतात, ते ७ आणि २८ दिवसांनी मशीनखाली दाबून तपासतात, ते रिपोर्ट मागा. पालिकेने गुणवत्तेवर लक्ष ठेवायला आयआयटी मुंबईला नेमलंय, तुमच्या रस्त्याबद्दल त्यांनी काय शेरा मारला तेही मागा. देत नाहीत? माहिती अधिकार कायदा, २००५, कलम २(जे), त्यात कागदपत्रंच नाही तर चालू कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे, हे फार कमी लोकांना माहितीय. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहू नका.

प्रश्न : आमच्या बदामाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलंय, झाड मरेल का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : लगेच नाही, पण मुळांना पाणी आणि हवा मिळणार नाही आणि एखाद्या वादळात ते आडवं होईल. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी पाहिजे. वॉर्डच्या उद्यान विभागाला फोटोसकट अर्ज करा, १९१६ वर तक्रार टाकून नंबर जपून ठेवा. आणि सिमेंट फोडायचं ब्रेकर मशीन मागवायला लावा काँक्रीट पूर्ण पक्कं व्हायच्या आत, म्हणजे या आठवड्यातच.