गॅमा किरण दिलेला हापूस किरणोत्सारी होतो का? (पुण्यातल्या मार्केट यार्डातून निर्यातीचा उरलेला माल घेतला, तर घरात चालेल का?)

नाही, आंबा किरणोत्सारी होत नाही, निर्धास्त खा. मी पुण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात वर्गात येतोच.

निर्यातीच्या आंब्यांना किरण देणाऱ्या लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० (कोबाल्ट धातूचा किरणोत्सारी प्रकार) वापरतात. त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एवढ्या ऊर्जेने अणूंमधले इलेक्ट्रॉन निघतात, रासायनिक बंध तुटतात आणि कोयीतल्या किडीची वाढ थांबते. पण आंब्यातल्या कार्बन किंवा ऑक्सिजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायला याच्या दसपटीहून जास्त ऊर्जा लागते. केंद्रक बदललंच नाही, तर किरणोत्सार येणार कुठून? शिवाय कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो, फळाला त्याचा स्पर्शही होत नाही.

ऊर्जेचा हिशेब तर मुलांकडून जरूर करून घ्या. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा देतात, म्हणजे किलोमागे ४०० जूल. एक किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,२०० जूल लागतात, तेव्हा आंबा जेमतेम ०.१ अंशाने तापतो!

मात्र हे न्यूट्रॉनना लागू नाही. न्यूट्रॉनचा मारा केला तर पदार्थ किरणोत्सारी होऊ शकतो. साध्या कोबाल्ट-५९ पासून कोबाल्ट-६० अणुभट्टीत तसाच बनवतात.