मुलगा म्हणतो, चीनच्या रॉकेट कंपनीतच जाणार!

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला आहे, सारखा चिनी रॉकेटचे व्हिडिओ बघतो आणि बारावीनंतर तिकडेच शिकून लँडस्पेस कंपनीत लागायचं म्हणतो, हे खूळ आहे का असं विचारलंत. खूळ अजिबात नाही हो, पोराची नजर चांगली आहे.

2014 ला चीन सरकारने अंतराळ क्षेत्र खाजगी पैशाला खुलं केलं, 2015 ला लँडस्पेस निघाली आणि जुलै 2023 मधे त्यांचं झूचुए-2 कक्षेत पोचलं, मिथेनवर चालून तिथवर गेलेलं जगातलं पहिलं रॉकेट, स्पेसएक्सच्याही आधी! मिथेनच का, तर रॉकेलचा स्टो आणि गॅसची शेगडी यात जो फरक तोच, काजळी धरत नाही म्हणून इंजिन परत वापरायला बरं. मग डिसेंबर 2025 ला झूचुए-3 गेलं, वरचा टप्पा कक्षेत पोचला पण बूस्टर, म्हणजे परत वापरायचा खालचा टप्पा, परत येताना शेवटी बिघडला आणि उतरायच्या जागेजवळच आपटला. त्याआधी सप्टेंबर 2024 ला डीप ब्लू एरोस्पेस या दुसऱ्या चिनी कंपनीचं टेस्ट रॉकेट वर जाऊन सरळ खाली आलं आणि अगदी टेकता टेकता पडलं. म्हणजे सगळं घोडं अडतंय ते शेवटच्या काही सेकंदांत, इंजिन परत पेटवणं, जोर कमीजास्त करणं, तोल सांभाळणं. हे जमवणारी माणसं सगळ्यांनाच हवी आहेत.

आता स्पष्ट सांगते. रॉकेट आणि मिसाईलचं तंत्र जवळजवळ एकच, त्यामुळे परदेशी माणसाला तिथे आत घेतील या भरवशावर चार वर्षं आणि घरचा पैसा लावू नका. अमेरिकेतही रॉकेट कंपनीत लागायला बहुतेक वेळा नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं.

त्यापेक्षा त्याला इथेच मेकॅनिकल किंवा एरोस्पेस करू दे, कंट्रोल सिस्टिम आणि कम्बशन (इंधनाचं ज्वलन) हे विषय घट्ट धरू दे. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञानाच्या संस्थेला जेईई ॲडव्हान्स्डमधून प्रवेश आहे. हैदराबादची स्कायरूट, चेन्नईची अग्निकुल या आपल्याकडच्या खाजगी रॉकेट कंपन्या आहेत, आणि इस्रोने चित्रदुर्गला पुष्पक हे परत वापरायचं पंखवालं यान धावपट्टीवर आपोआप उतरवून दाखवलंय, तेही तो बघतो का विचारा.

चिनी भाषा शिकायची म्हणतोय तर शिकू दे, तिकडचं संशोधन थेट वाचता येईल. फक्त ॲडव्हान्स्ड होईपर्यंत क्लास रविवारचाच लावा. आणि मॅथ्समधे कॅल्क्युलस कसं चाललंय ते मला नक्की कळवा, ते कच्चं असेल तर आत्ताच बघावं लागेल.