खोली सजली आणि हात थांबले

"मनासारखी जागा मिळाली आणि नेमकी तेव्हाच आवड आटली, माझ्यात काही बिघडले आहे का?" हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो. कोणी निवृत्तीनंतर हौसेने पेटी घेतलेली असते, कोणी गॅलरीत बाग केलेली असते, आणि सगळी सिद्धता झाल्यावर हात मात्र पुढे होत नाही. या प्रश्नाचे उत्तर मला एका शिवणकामाच्या खोलीने जितके स्पष्ट दाखवले तितके एरवी दिसले नव्हते, म्हणून ती हकीकत संबंधित बाईंच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

सुनंदाताई (नाव बदलले आहे) दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुलुंडहून आल्या. वय 54. मागची वीस वर्षे त्या घरच्या आणि शेजारच्या सणांसाठी शिवत आल्या होत्या: पाडव्याला गुढीचे वस्त्र, गणपतीला शेला, उभ्या गौरींना अंगाच्या मापाने बेतलेली नऊवारी, दसऱ्याला खणाचे तोरण, दिवाळीला कापडी आकाशकंदील, संक्रांतीला वाणात लुटायचे बटवे. त्यांच्या इमारतीत निम्म्या दारांवर त्यांच्या हातची तोरणे होती. हे सारे त्या हॉलच्या खिडकीशी घडीचे टेबल मांडून करीत असत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तिची आठ बाय नऊची खोली रिकामी झाली, आणि यजमानांनी मुदत ठेवीतून 1 लाख 20 हजार रुपये काढून ती खोली पत्नीसाठी शिवणाची खोली म्हणून करून दिली. भिंतभर ओटा, खाली ड्रॉवरसारखे खण, वर दोऱ्यांच्या रिळांसाठी खुंट्यांची फळी, पांढरे दिवे, सरकते दार. श्रावणात काम पूर्ण झाले. त्यानंतर गणपती आले, नवरात्र झाले, दिवाळी झाली, आणि सुनंदाताईंनी एका शेल्याची अर्धी कड सोडली तर काहीही शिवले नाही.

"मॅडम, यांनी इतक्या प्रेमाने करून दिली हो," एवढे म्हणून त्या रडू लागल्या. रडता रडता त्यांच्या हातातल्या रुमालाची कड त्या अंगठ्याच्या नखाने बारीक दुमडत होत्या, दुमड सरळ आली की पुढची, असे करत पूर्ण एक बाजू त्यांनी हेमिंगला टाचावी तशी तयार केली. आपण हे करतो आहोत हे त्यांच्या लक्षातही नव्हते. मी ते माझ्या वहीत लिहून ठेवले.

अशा वेळी पहिला प्रश्न नैराश्याचा असतो आणि तो टाळून पुढे जाऊ नये. साधारण दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड होणे, जगणे नकोसे वाटणे, अशी लक्षणे असतील तर खोलीची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे. सुनंदाताईंची झोप शाबूत होती, त्या सकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जात होत्या, नातवंडाच्या बातमीने पुण्याला दोनदा जाऊन आल्या होत्या. वय लक्षात घेऊन मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितले. त्यात काही निघाले नाही. रस गेला होता तो फक्त एका दारापलीकडचा.

आणि येथे माझ्याकडून एक चूक झाली. मी त्यांना सांगितले की काही करावेसे वाटो न वाटो, रोज अर्धा तास त्या खोलीत बसा. हा उपाय पुष्कळ ठिकाणी लागू पडतो, कारण उत्साह येण्याची वाट पाहण्यापेक्षा कृती आधी केली तर उत्साह मागून येतो. आठ दिवसांनी त्या आल्या तेव्हा चेहरा अधिकच उतरलेला होता. रोज अर्धा तास त्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या आणि रोज हरल्यासारखे वाटून बाहेर आल्या होत्या. खोली कशी आहे हे मी विचारलेच नव्हते. त्यांना तेथे बसवण्याआधी ते विचारायला हवे होते.

मग मी वेगळे विचारले. गेल्या वर्षीच्या गणपतीआधीचा कोणताही एक दिवस मला सकाळपासून सांगा. त्यांनी सांगितला, आणि तासाभरात सगळे चित्र उलगडले. अकराला कुकर उतरला की त्या मशीनवरचे झाकण काढत. सासूबाई, वय 81, दिवाणावर बसून टाचणाचे धागे उसवून देत आणि गोट नीट बसली की नाही हे बोटाने चाचपून सांगत. समोरचे दार उघडे असे. शेजारीण येता जाता "ह्याला जरीची लेस लाव" म्हणून जात असे. एक वाजता पाने घ्यायची म्हणून टेबल आवरावेच लागे. त्यामुळे काम नेहमी मध्येच थांबे, आणि दुसऱ्या दिवशी कोठून सुरू करायचे हे कापडच सांगत असे.

सवय माणसाच्या अंगात असते असे आपण समजतो, पण ती बऱ्याच अंशी जागेत, वेळेत आणि आजूबाजूच्या माणसांत गुंतलेली असते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध केला होता. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणे, टीव्ही पाहणे या त्यांच्या जुन्या सवयी जेथे नव्या ठिकाणची परिस्थिती जुन्यासारखी होती तेथे टिकल्या आणि जेथे ती बदलली तेथे सुटू लागल्या. सुनंदाताईंच्या बाबतीत कुकर, झाकण, सासूबाई आणि एक वाजताची पाने या चारही खुणा एका सरकत्या दाराने एकाच दिवशी बंद केल्या होत्या. त्या आळशी झाल्या नव्हत्या. त्यांना रोज कामाला बोलावणारे कोणी त्या खोलीत नव्हते.

त्यानंतर मी त्यांना खोलीचे फोटो दाखवायला सांगितले. खोली खरोखर देखणी होती. मी विचारले, "यात बसायचे कोठे?" त्यांनी एक उंच स्टूल दाखवले. सुताराने संपूर्ण ओटा एकसारखा दिसावा म्हणून सगळीकडे 36 इंच उंचीचा केला होता. उभे राहून कापड बेतायला ही उंची त्यांना अगदी बरोबर होती, कंबर वाकत नव्हती. पण मशीनवर बसायला टेबल साधारण 28 ते 30 इंच लागते. स्टुलावर बसले की पाय लोंबकळत, मोटरचे पॅडल एका खोक्यावर ठेवून बोटाच्या टोकाने दाबावे लागे, आणि मशीनच्या उंचीमुळे खांदे कानांशी येत. "मान दुखते, पण ते वयाचे असेल," त्या म्हणाल्या होत्या. ज्या जागेत दहा मिनिटांत मान भरून येते ती जागा मन टाळू लागते. मनाच्या डोहात उतरण्याआधी देह कोठे आणि कसा बसतो हे पाहावे, हे मी तेव्हापासून नेमाने करते.

दुसरी गोष्ट खणांची. पूर्वी त्या श्रावणात एकदा धीम्या लोकलने मशीद स्थानकात उतरून मंगलदास मार्केटमध्ये जात, शेल्यापुरते दीड मीटर कापड घेत, भुलेश्वरात जाऊन लेस आणि गोटा पाहत, आणि येताना वाटेत डोक्यात शेला तयार होत असे. खोली झाल्यावर "आता ठेवायला जागा आहे" म्हणून वर्षभराचे कापड एकदमच भरून ठेवले गेले: संक्रांतीचे काळे, पाडव्याचे खणाचे कापड, दिवाळीचे ऑर्गंझा, सगळे खणांत, खणांवर चिठ्ठ्या. सणाचे शिवणकाम सणाच्या चाहुलीवर चालते. बाजारात जाणे ही त्यातली पहिली पायरी होती, आणि तीच काढून टाकली गेली होती. शिवाय बंद खणात काय आहे ते दिसत नाही, आणि आपल्या मुंबईच्या पावसात बंद खणातल्या कापडाला कुबट वास येतो आणि त्यावरची जर काळवंडते. भाद्रपदात खण उघडला तेव्हा तो वास आल्यावर आपण पैसा वाया घालवला असे त्यांना वाटले आणि त्यांनी खण पुन्हा लावून टाकला.

पैशाचा विषय सर्वांत नाजूक होता. यजमान दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. ते सहज म्हणत, "आता ऑर्डरी घे, बघता बघता खर्च निघेल." त्यांच्या मनात वावगे काही नव्हते. पण वीस वर्षे जे काम कोणाला देण्यासाठी होते त्याला या वाक्याने हिशेब चिकटला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्या दोघांना सांगितला, कारण तिसऱ्या भेटीला मी यजमानांनाही बोलावले होते. चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितले गेले की चित्र काढलेत तर बक्षीसपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुले, ज्यांना असे काही सांगितले नव्हते त्यांच्यापेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. यजमान बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी हिला खोली दिली आणि काम काढून घेतले." तसे नव्हते, आणि मी तसे सांगितलेही. त्यांनी प्रेमाने दिलेल्या वस्तूला पत्नीला नको म्हणता येत नव्हते, एवढेच खरे होते. पाच महिने त्या घरात ज्या वाक्यासाठी अडून राहिले होते ते वाक्य सुनंदाताईंनी त्या दिवशी उच्चारले: "अहो, मला मशीन हॉलमध्ये हवे आहे."

असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी नेहमी सांगते की खोली मोडू नका आणि तिला शरणही जाऊ नका. काम कसे होते ते आधी पाहा आणि जागा त्या कामाच्या मापाने बेता, जसे कापड अंगाच्या मापाने बेततो. सुनंदाताईंच्या खोलीत बेतणे आणि इस्त्री राहिली, कारण त्या दोन्हींसाठी 36 इंचांचा ओटा योग्यच होता. मशीन घडीच्या टेबलावर खिडकीशी परत आले. खणांतले इतर सणांचे कापड सुती चादरीत बांधून वर गेले आणि ओट्यावर एकाच टोपलीत फक्त येणाऱ्या सणाचे सामान राहिले. दार उघडे ठेवायचे ठरले. ऑर्डरी घ्यायच्या की नाही हा विषय वर्षभर काढायचा नाही, असे दोघांनी माझ्यासमोर कबूल केले. यजमानांकडून तो दोनदा निघालाच, पण त्यांनी तो स्वतःच आवरला.

पहिले काम लहान निवडले. भाचीच्या बाळाचे पहिले बोरन्हाण जानेवारीत होते आणि त्यासाठी काळे झबले हवे होते. संक्रांत जमली नाही तरी बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येते, ही सवलत मी मुद्दाम त्यांना आठवून दिली, कारण चुकलेल्या तीन सणांनी त्यांना तारखेची धास्ती बसली होती. काळे सुती कापड आधी पाण्यातून काढावे लागते, नाहीतर रंग उतरतो आणि पांढऱ्या दोऱ्याच्या चांदण्या करड्या पडतात. म्हणून पहिल्या आठवड्याचे काम कापड धुऊन सावलीत वाळवणे, एवढेच ठरवले. दुसऱ्या आठवड्यात बेतणे. तिसऱ्या आठवड्यात अकराला कुकर उतरवून मशीनवरचे झाकण काढायचे आणि एकला थांबायचे, मग बाही अर्धी राहिली तरी चालेल. अर्धी राहिलेलीच बरी, असेही मी म्हटले.

डिसेंबरच्या शेवटी त्या आल्या तेव्हा झबले पिशवीत होते. खांद्याजवळची टीप दोनदा उसवून पुन्हा मारलेली दिसत होती. काटेरी हलव्याचे दाणे बाळाला टोचू नयेत म्हणून आत मऊ मलमलचे अस्तर होते, आणि गळ्याशी हलवा ओवायचे काम सासूबाईंनी अंगावर घेतले होते. त्यांचे डोळे आता अधू आहेत, म्हणून सुईत दोरा सुनंदाताई ओवून देतात आणि दाणे सासूबाई बोटांनी जोखून लावतात. दोन दाण्यांमधले अंतर सारखे आलेले नव्हते. "सोडून पुन्हा लावू का, असे आईंना विचारले," सुनंदाताई म्हणाल्या, "तर म्हणाल्या, बाळ काय पट्टी घेऊन बसणार आहे का."

सगळे जुळून आले असे मात्र नाही. वाणाच्या पंचवीस बटव्यांपैकी अकरा झाले. यजमानांना ती खोली आता अर्धी रिकामी दिसते आणि ते बोलत नाहीत तरी त्यांना लागते, हे सुनंदाताईंना कळते. त्यावर आम्ही अजून दोन भेटी घेतल्या. फेब्रुवारीत शेवटच्या भेटीला त्या आल्या त्या मंगलदास मार्केटमधून थेट, हातात गुढीसाठी घेतलेले खणाचे कापड होते. ते सुटून चुरगळले होते, म्हणून त्यांनी मला एक टोक धरायला सांगितले, दुसरे स्वतः धरले, दोघींनी ते माझ्या टेबलावर झटकून घडी केली, आणि घडीच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवत त्या म्हणाल्या की शनिवारी सुतार येणार आहे, ओट्याचा खिडकीकडचा तीन फुटांचा तुकडा सात इंच खाली उतरवायला, आणि यजमान स्वतः टेप घेऊन त्यांच्या बसण्याचे माप घेऊन ठेवत आहेत.