स्कूटीवर लायसन्स काढू की गिअरच्या गाडीवर?

प्रश्न : वय १९. कॉलेजच्या वेळेला बस नाही, म्हणून दुचाकी शिकायची आहे. घरी वडिलांची स्प्लेंडर आहे, मामांकडे स्कूटी. शेजारचे म्हणतात, आधी स्कूटीवर विनागिअरचं लायसन्स काढ, गिअरचं पुढे बघू. तालुक्याचा ड्रायव्हिंग स्कूलवाला ‘सगळं मी करून देतो’ म्हणतो. काय करू?
— एक विद्यार्थिनी, ता. अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : स्प्लेंडरच धरा. गिअरच्या दुचाकीचं लायसन्स असलं की स्कूटीही चालवता येते. उलटं चालत नाही. स्कूटीवर काढलंत तर गिअरसाठी पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा ३० दिवसांची वाट, पुन्हा चाचणी. आपल्याकडे गिअरच्या लायसन्सला सीसीच्या (इंजिनच्या क्षमतेच्या) पायऱ्याही नाहीत. स्प्लेंडरवर मिळालेल्या लायसन्सवर उद्या बुलेटही चालते.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधार वापरून घरबसल्या देता येते. ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत. हे लायसन्स ६ महिने चालतं, पण पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतरच. हा महिना म्हणजेच तुमचं खरं शिक्षण. ‘सगळं करून देतो’ यात बहुधा फॉर्म भरणं आणि तारीख घेणं एवढंच असतं. मागे बसून रोज तासभर शिकवणार असेल तर पैसे द्या, नाहीतर वडिलांना मागे बसवा. त्यांच्याकडे गिअरच्या दुचाकीचं लायसन्स हवं. शिकवणाऱ्याखेरीज कुणालाच डबलसीट घेता येत नाही, मैत्रिणीलाही नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा.

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात. पहिला गिअर टाका, रेस न देता क्लच हळूहळू सोडा; गाडी ओढायला लागली की हात तिथेच धरा, दहा मीटर जा, क्लच दाबून मागच्या ब्रेकनं थांबा. रोज २०-२५ वेळा. क्लच झटक्यात सुटला की गाडी बंद पडते, त्यासोबत रेसही पिळली की उडी मारते. स्प्लेंडरचे चारही गिअर पंजानं खाली पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणून ज्या गाडीवर चाचणी देणार, तिच्यावरच शिका.

मग चाचणीतला आठचा आकडा. चुन्याच्या फक्कीनं एकमेकांना चिकटलेले ५ मीटर व्यासाचे दोन गोल आखा, जमले की ४ मीटरचे. पहिला गिअर, हाफ क्लच (अर्धवट दाबलेला), उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलकासा टेकलेला. नजर पुढच्या चाकावर गेली की तोल जाऊन पाय टेकतोच. वळणाच्या पलीकडे बघा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागेवर आडवी होते, त्यामुळे आठमध्ये त्याला हात लावायचा नाही. रस्त्यावर सरळ जाताना मात्र तोच खरा ब्रेक.

शेवटचा आठवडा रस्त्यावर, दिवसाउजेडी. सोयाबीनच्या हंगामात डांबरावर मळणीचं काड पसरलेलं असतं, पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी आलेली काळी माती. दोन्हींवर ब्रेक मारला की चाक घसरतं, म्हणून आधीच गिअर उतरवून वेग कमी करा. अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही.

चाचणीला शिकाऊ लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि आयएसआय हेल्मेट न्या. इंडिकेटर आणि ब्रेकलाइट घरीच तपासा. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा झालात तर ६० दिवस थांबावं लागतं.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे. स्कूटीचं लायसन्स १६व्या वर्षी मिळतं म्हणतात, खरं का?
— एक पालक, गेवराई, जि. बीड

उत्तर : मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. शोरूममधल्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटी १०० सीसीच्या वरच्या, त्यांना १८ पूर्ण हवेत. त्याआधी मुलानं रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.