एकच लेन्स घ्यायची आहे, चेहरेही काढायचे अन् किडेही

प्रश्न: नमस्कार, माझ्याकडे कॅननचा २०० डी कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. बहिणीची पोरगी दोन वर्षांची आहे, मुख्य मॉडेल तीच, मग घरातले बाकीचेही "आमचा पण एक काढ ना" म्हणत मागे लागतात. दुसरीकडे काटोलला मामाची संत्र्याची बाग आहे, तिथं गेली की मी फुलपाखरं, अळ्या, मुंगळे याच्यातच रमते. दोन लेन्सचं बजेट नाही. एका दुकानदाराने १०० एमएम मॅक्रो (बारीक वस्तू अगदी जवळून मोठी काढणारी लेन्स) घ्या म्हटलं, दुसरा म्हणे पोर्ट्रेटला, म्हणजे चेहऱ्याच्या फोटोला, ८५ एमएमच पाहिजे, आता व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरून राहिलं आहे. मॅक्रोने चेहऱ्यावरचे डाग-पुरळ सगळं दिसतं असंही कोणी म्हणालं. एका लेन्समध्ये दोन्ही होईल का?
(एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: होईल ना ताई. मॅक्रो लेन्सने पोर्ट्रेट मस्त निघतो, पण पोर्ट्रेट लेन्सने मॅक्रो निघत नाही. ती ८५ एमएम एफ १.८ घेतली तर ८५ सेंटीमीटरच्या आत फोकसच धरणार नाही, मग अळी काढायची कशी? म्हणजे ८५ बाद.

राहिलं १०० की आणखी काही. तुमच्या २०० डीचा फोटो टिपणारा सेन्सर मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यापेक्षा १.६ पट लहान आहे (यालाच १.६ क्रॉप म्हणतात), म्हणून १०० एमएम लावली की फ्रेम फुलफ्रेमवरच्या १६० एमएमएवढी आवळते. याचा अर्थ घरात काय होतो ते पहा. कंबरेपासून वरचा उभा फोटो घ्यायचा तर १०० ने साधारण चार मीटर मागे सरकावं लागतं, आणि पूर्ण उभा माणूस बसवायचा तर आठ-नऊ मीटर. फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढी जागा कोणाकडे आहे बाप्पा, तुम्ही गॅलरीत आणि पोरगी स्वयंपाकघरात असं होईल. तेच ६० एमएमने कंबरेपासून वरच्या फोटोला अडीच मीटरच्या आत काम होतं, आणि क्रॉपवर ती जवळपास ९६ एमएमसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यासाठी एकदम बरोबर. नाक मोठं दिसत नाही, कारण तुम्ही पुरेशा लांबून काढता (चेहरा वाकडातिकडा होतो तो अंतरामुळे, लेन्सच्या आकड्यामुळे नाही, हे फार लोक उलटं सांगतात).

तर माझं मत कॅननची ईएफ-एस ६० एमएम एफ २.८ मॅक्रो. फक्त क्रॉप बॉडीला बसते, पूर्ण १:१ देते, म्हणजे सेन्सर जेवढा आहे तेवढी, साधारण २२ मिलिमीटर रुंद वस्तू अख्खी फ्रेम भरते.

१०० वाले म्हणतील, किड्यापासून लांब राहता येतं. खरं आहे, पण फरक किती? १:१ ला ६० एमएमच्या तोंडापासून किडा ९-१० सेंटीमीटरवर येतो, १०० ला १३-१५ वर. संत्र्याच्या पानावरच्या लिंबू फुलपाखराच्या अळीला, जी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, या चार-पाच सेंटीमीटरने काही फरक पडत नाही, ती बसलेलीच असते. उडती फुलपाखरं, चतुर, माशा हेच तुमचं वेड असेल आणि पोरगी दुय्यम, तर मात्र १०० किंवा टॅमरॉन कंपनीची ९० एमएम मॅक्रो घ्या, मी अडवणार नाही. पण तुमच्या पत्रात पोरगी आधी आली आहे.

कॅननची ३५ एमएम मॅक्रोही कोणी पुढे करेल, तिच्या तोंडालाच लाइट आहे वगैरे. नको. १:१ ला किडा लेन्सपासून फक्त ३ सेंटीमीटरवर येतो, तुमचीच सावली पडते, आणि चेहऱ्याला ती थोडी आखूडच. तसंच झूम लेन्सवर मॅक्रो असं छापलेलं पाहून भुलू नका, त्यातल्या बऱ्याच १:४ किंवा १:३ वरच थांबतात, म्हणजे वस्तू सेन्सरवर पाव किंवा एक तृतीयांश आकाराचीच उमटते. तुमची किट लेन्ससुद्धा १:४ पर्यंत जातेच की.

डाग-पुरळाचं म्हणाल तर हो, मॅक्रो लेन्स फार धारदार असते. पण ती धार नंतर एडिटिंगमध्ये कमी करता येते, नसलेली आणता येत नाही. आणि त्वचा खराब दिसते ती बहुतेक वेळा दुपारच्या उन्हामुळे, नागपूरचं मे महिन्यातलं ऊन तर सांगायलाच नको. खिडकीजवळ बाजूने येणारा उजेड घ्या, पांढरा पडदा ओढा, फोटो मऊ येईल.

दोन अडचणी मात्र येतील. ६० ला हाताची थरथर सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही आणि मॅक्रो लेन्स अंधारात फोकस शोधत मागे-पुढे फिरत बसते. पळत्या पोरीसाठी शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगात ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. आणि किड्यांना एफ २.८ वर काढू नका (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं, आणि फोकसमधला भाग पातळ), १:१ ला फोकसमध्ये राहणारा भाग पाव मिलिमीटरही नसतो, मुंगळ्याचा डोळा धरला तर मिशा गेल्या. एफ ८ ते एफ ११ ठेवा, उजेड कमी पडेल तो फ्लॅशने भरून काढा, फ्लॅशवर बटर पेपर लावा, शटर १/२००. फोकस बटणाने न शोधता मॅन्युअल करा आणि स्वतः हळूच पुढे-मागे डुला. हिवाळ्यात काटोलला सकाळी लवकर निघालात तर किडे गारठलेले असतात, पळत नाहीत.

६० एमएम नवी मिळणं अवघड झालं आहे, जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते पहा, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये हमखास असतात.

प्रश्न: माझ्याकडे ५० एमएम एफ १.८ आहे, पोर्ट्रेट छान येतात, मॅक्रोसाठी एक्स्टेन्शन ट्यूब घेऊ की वेगळी लेन्स?
(एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर: आधी ट्यूबच घ्या भाऊ. त्यात काच नसते, फक्त पोकळ नळी, लेन्सला सेन्सरपासून लांब सरकवते म्हणून जवळचा फोकस मिळतो. ३६ एमएमची ट्यूब लावली की तुमची ५० जवळपास १:१ ला पोचते. लावलेली असताना लांबचं काही फोकस होणार नाही, पोर्ट्रेट घ्यायच्या आधी ट्यूब काढावी लागेल, आणि बागेत वारं असताना काढघाल केली तर सेन्सरवर धूळ बसते. स्वस्तातल्या काही ट्यूबला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नसतात, तशी घेऊ नका, कॅमेऱ्यातून एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरच बदलता येणार नाही आणि मॅक्रोत एफ १.८ वर अडकलात तर हाती काहीच लागत नाही.